डोंगराळ कोर्सवर गोल्फ खेळताना: चढ-उतार वाचायचे कसे आणि अठराव्या होलपर्यंत पाय टिकवायचे कसे

शहरातल्या सपाट कोर्सवर नेहमी नव्वद स्ट्रोकच्या (फटक्यांच्या) आसपास राउंड संपवणारा माणूस शहराबाहेरच्या डोंगराळ कोर्सवर पहिल्यांदा जातो आणि एकशे आठ-एकशे दहा करून येतो, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता कुणी नवीन निघाला की मी आधीच त्याला बाजूला घेऊन बसतो. परत आल्यावर सगळे स्विंगला दोष देतात, मग रेंजवर (सरावाच्या मैदानावर) जाऊन दोनशे बॉल मारतात आणि तिथे सगळं छान जातं, कारण रेंजची मॅट सपाट असते. अहो, स्विंग तोच आहे, पायाखालची जमीन बदललीये. डोंगरावर स्ट्रोक जातात ते मुख्यतः दोन ठिकाणी: उतार न वाचता क्लब (स्टिक) उचलला की, आणि शेवटच्या पाच-सहा होलला पाय संपले की. दोन्हींवर उपाय आहे आणि त्यासाठी स्विंग बदलायची गरज नाही.

पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहिलंय, डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचा.

निघायच्या आधी

कोर्सचं स्कोअरकार्ड मिळवा आणि त्यावरचं स्लोप रेटिंग बघा. नावावरून गैरसमज होतो, पण स्लोप रेटिंग म्हणजे जमिनीचा उतार नव्हे. स्क्रॅच खेळाडूच्या (म्हणजे पारमध्ये, ठरलेल्या स्ट्रोकमध्ये राउंड संपवणाऱ्याच्या) तुलनेत साधारण बोगी (दर होलला पारपेक्षा एक जास्त) खेळणाऱ्याला तो कोर्स किती जास्त जड जाईल याचं ते माप आहे. आकडा ५५ ते १५५ मध्ये असतो आणि ११३ हा सरासरी धरलाय. डोंगराळ कोर्सवर हा आकडा बऱ्याचदा वर गेलेला दिसतो कारण दरी, अवघड लाय (बॉल जिथे जसा पडलाय ती जागा), वाकडे फेअरवे (कापलेल्या गवताचे पट्टे) या सगळ्याचा फटका आपल्यासारख्यांना जास्त बसतो. २०२० पासून जे वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम आलंय त्यात तुमचा हँडिकॅप इंडेक्स (तुमच्या खेळाच्या दर्जाचा आकडा) गुणिले स्लोप भागिले ११३ असा मुख्य हिशोब असतो, त्यात मग कोर्स रेटिंग (स्क्रॅच खेळाडूचा तिथला अपेक्षित स्कोअर) आणि पारमधला फरक मिळवतात. म्हणजे इंडेक्स १८ असेल आणि स्लोप १४० असेल तर नुसत्या स्लोपमुळेच तुम्हाला २२ स्ट्रोक मिळतात. हे आधी करून ठेवा, म्हणजे पाचव्या होलला स्कोअर बघून घाबरायला होत नाही, ते चार स्ट्रोक कोर्सने तुम्हाला दिलेलेच आहेत.

माझा आग्रह असा की पहिल्या भेटीला स्ट्रोक प्ले (सगळे स्ट्रोक मोजायचे) खेळूच नका, स्टेबलफर्ड (दर होलला पॉइंट मिळवायचे) खेळा. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांची ही पद्धत १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या वॉलेसी क्लबवर पहिल्यांदा स्पर्धेत वापरली गेली, आणि डोंगराळ कोर्ससाठी यापेक्षा चांगलं काही मला तरी माहीत नाही. एखाद्या होलला दोन बॉल दरीत गेले तर फक्त शून्य पॉइंट, बॉल उचला, खिशात टाका आणि चालायला लागा. पुढचा होल कोरा असतो, आणि त्या होलवरची वणवण वाचली म्हणून पायही वाचतात.

टी (होल जिथून सुरू करतात ती जागा) सुद्धा एक पायरी पुढचा घ्या. डोंगरावर दरीवरून कॅरी (बॉल हवेतूनच न्यायचं अंतर) मारायचे होल असतात, तिथे मागच्या टीवरून कॅरी १७० यार्ड असेल तर पुढच्यावरून १३० होतो आणि तो होल खेळण्यासारखा राहतो.

टी टाइम सकाळचा घ्या, पण अगदी पहिला नको. डोंगरात दरीतलं धुकं उठायला वेळ लागतो, पहिल्या टीवर उभं राहून समोर काहीच दिसत नाही असं होतं, आणि दवामुळे उतारावरचं गवत घसरडं असतं. दुपारचा घेणार असाल तर एक लक्षात ठेवा, सूर्य डोंगराआड लवकर जातो, पश्चिमेला कडा असेल तर सूर्यास्ताच्या बराच आधी शेवटच्या होलवर सावली पडते आणि बॉल कुठे पडला ते दिसत नाही.

बुकिंगच्या फोनवर तीन गोष्टी विचारा: बग्गी (कोर्सवर फिरायची छोटी गाडी) सक्तीची आहे का, ग्रीनपासून (झेंडा असलेल्या बारीक गवताच्या जागेपासून) पुढच्या टीपर्यंत लांब चढ कुठे आहेत, आणि आंधळे शॉट (जिथे बॉल पडायची जागा दिसत नाही) कुठल्या होलला आहेत. यातला दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही आणि माणूस दमतो तो तिथेच. कोर्सचा नकाशा घरूनच फोनमध्ये उतरवून घ्या, दरीत नेटवर्कचा भरवसा नसतो.

बॅग हलकी करा

नियमाने १४ क्लब चालतात, याचा अर्थ १४ न्यायलाच हवेत असा नाही. चालत खेळणार असाल तर १० किंवा ११ पुरे. लांब आयर्न (लांब पल्ल्याचे लोखंडी क्लब) घरी ठेवा, वाकड्या लायवरून ते तसेही नीट लागत नाहीत, त्याजागी एक हायब्रिड (वुड आणि आयर्नच्या मधला क्लब) ठेवा. वेज (जवळून बॉल उंच उडवायचे क्लब) मात्र कमी करू नका, चढावरची ग्रीन हुकली की पुढचं सगळं काम वेजचंच असतं.

बूट सॉफ्ट स्पाइकचे हवेत, आणि स्पाइक झिजलेले असतील तर निघायच्या आधी बदला. सपाट कोर्सवर बिनस्पाइकचे बूट छान चालतात पण ओल्या आडव्या उतारावर डाउनस्विंगमध्ये मागचा पाय सरकला की शॉट तर जातोच, गुडघाही मुरगळतो. जास्तीचे मोजे, एक टॉवेल, नेहमीपेक्षा दीडपट पाणी आणि नेहमीपेक्षा जास्त बॉल.

चालण्याचा हिशोब

१८ होल सपाट कोर्सवर चालले तरी आठ-दहा किलोमीटर होतात. त्यात चढ आला की किती भर पडते याला गिर्यारोहकांचा एक जुना नियम आहे, स्कॉटलंडच्या विल्यम नायस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला: दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त धरा. म्हणजे दहा मीटर चढाला एक मिनिट. कोर्सवर सगळा मिळून २०० मीटर चढ असेल तर वीस मिनिटं नुसती चढाची, तीही बॅग नसताना. हा वेळ आधीच धरलात तर घाई होत नाही, आणि घाईत चढून धापा टाकत मारलेला शॉट हा डोंगराळ कोर्सवरचा सगळ्यात महागडा शॉट असतो.

टायगर वूड्स २०२१ च्या कार अपघातानंतर १४ महिन्यांनी मास्टर्स ही मोठी स्पर्धा खेळायला अमेरिकेतल्या ऑगस्टाच्या कोर्सवर आला तेव्हा तो हेच सांगत होता की बॉल मारायला अडचण नाही, चालणं अवघड आहे. ऑगस्टा टीव्हीवर बऱ्यापैकी सपाट दिसतं, पण प्रत्यक्षात तिथे भरपूर चढ-उतार आहेत, दहावा होल तर टीवरून सरळ खाली कोसळतो. त्याच्यासारख्याला चालण्याची काळजी करावी लागली तर आपण नक्कीच करावी.

करायचं काय, तर चढ सरळ नाकासमोर चढू नका, तिरके जा. बॉलपर्यंत पोचल्यावर लगेच क्लब काढू नका, आधी दोन-तीन श्वास सावकाश सोडा, तेवढ्यात लाय बघून होते. पाणी तहान लागायच्या आधी, दर दोन होलला चार घोट. आणि राउंडच्या आठ-दहा दिवस आधीपासून रोज जिने चढा-उतरा, मांड्यांना सगळ्यात जास्त त्रास उतरताना होतो आणि त्याची सवय सपाट चालून होत नाही.

ट्रॉली असेल तर उतारावर ती नेहमी आडवी उभी करा, चाकं उताराच्या दिशेला ठेवलीत तर पट (ग्रीनवरचा हळू फटका) मारून वळेपर्यंत ती तळ्यात असते. बग्गीचं उलटं: उतारावर बग्गी सरळ वर किंवा सरळ खाली न्यायची, आडवी कधीच नाही, उतरताना वळायचं नाही, ओल्या गवतावर तर पाथ सोडायचाच नाही. थांबलात की पार्किंग ब्रेक पूर्ण दाबा आणि तो लागल्याचा आवाज ऐकूनच खाली उतरा. बग्गीचे अपघात गंभीर असतात, यात निष्काळजीपणा करू नका.

अंतर: तीन मजले, एक क्लब

साधा हिशोब असा की ग्रीन जितके यार्ड वर, तितके यार्ड अंतरात वाढवा, आणि जितकी खाली तितके कमी करा. १५० यार्ड अंतर आणि ग्रीन दहा यार्ड उंच असेल तर १६० चा शॉट. पण दहा यार्ड उंची डोळ्याने कशी ओळखणार? मी बिल्डिंगचे मजले मोजतो. एक मजला साधारण तीन मीटर, तीन मजले म्हणजे नऊ मीटर, म्हणजेच जवळजवळ दहा यार्ड, आणि दहा यार्ड म्हणजे बहुतेकांच्या बॅगेतल्या एका क्लबचं अंतर. ग्रीनच्या जागी तीन मजली बिल्डिंगची गच्ची आहे असं वाटलं की एक क्लब जास्त. शहरात राहणाऱ्याला मजले मोजणं सहज जमतं, यार्डात उंची सांगा म्हटलं तर भलेभले चुकतात.

हा हिशोब साधारण ४५ अंशात उतरणाऱ्या बॉलसाठी बरोबर बसतो. ड्रायव्हर, वुड, हायब्रिडचा बॉल चपट्या कोनात उतरतो म्हणून त्याला चढ-उताराचा फरक थोडा जास्त पडतो, आणि वेजचा बॉल जास्त उभ्या कोनात पडतो म्हणून त्याला थोडा कमी. म्हणून लांबून चढावर मारताना हात आखडता घेऊ नका, शंका असेल तर मोठा क्लब घ्या. चढावरच्या ग्रीनला शॉट कमी पडला तर बॉल थांबत नाही, पुढच्या उताराला लागून वीस-तीस यार्ड मागे घरंगळत येतो, कधीकधी तुमच्या पायाशी.

खाली मारायच्या पार थ्रीला प्रश्न अंतराचा कमी आणि वाऱ्याचा जास्त असतो. बॉल हवेत जास्त वेळ राहतो, त्यामुळे वारा त्याला जास्त ढकलतो आणि तुमचा स्लाइसही (बॉलचं उजवीकडे वळणं) जास्त पसरतो. टी झाडांच्या आडोशाला असतो, तिथे पान हलत नाही, आणि खाली झेंडा फडफडत असतो. अशा टीवर मी पायाजवळचं गवत उडवून बघतच नाही, समोरच्या झाडांचे शेंडे आणि खालचा झेंडा बघतो, बॉलचा बराचसा प्रवास त्याच हवेतून होणार असतो.

कोर्स बराच उंचावर असेल तर विरळ हवेचाही फायदा मिळतो, समुद्रसपाटीपासून १५०० मीटरवर साधारण पाच-सहा टक्के. शे-दोनशे मीटरच्या टेकड्यांसाठी ते विसरून जा.

लेझर रेंजफाइंडरमध्ये उंचीचा फरक धरून अंतर सांगणारं फीचर असतं. सरावाला ते जरूर वापरा, डोळा तयार होतो. पण नियमाप्रमाणे खेळताना ते बंद ठेवावं लागतं, नुसतं अंतर मोजायला चालतं, चढ-उतार मोजायला नाही, आणि स्पर्धेत वापरलंत तर दोन स्ट्रोकची पेनल्टी बसते.

चार प्रकारच्या लाय

सगळ्या लेखातला हा भाग दोनदा वाचा. शॉट घ्यायच्या आधी बॉलशेजारी उभे राहा आणि बॉल कुठे जाईल हे पायाला विचारा: वजन टाचेवर येतंय की बोटांवर, डाव्या पायावर की उजव्या. डोळे फसतात, पाय सहसा फसत नाहीत.

बॉल पायांपेक्षा वर असेल तर तो जवळ येतो आणि डावीकडे जातो. ग्रिप थोडी खाली धरा, जरा ताठ उभे राहा आणि उजवीकडे एम करा (नेम धरा). इथे एक बारीक गोष्ट आहे. क्लबचा लॉफ्ट (तोंडाचा मागे असलेला कल) जितका जास्त तितका तो डावीकडे जास्त जातो, कारण क्लब आडवा झाला की लॉफ्टचं तोंडच डावीकडे वळतं. पाच नंबर आयर्न जरासा डावीकडे जाईल, तिथूनच सँड वेज मारला तर बराच. ग्रीनपासून ऐंशी यार्डवर, बॉल घोट्याच्या उंचीला, झेंडा सरळ समोर, अशा ठिकाणी मी झेंड्याकडे एम करून वेज मारला, इतका सुंदर लागला की हाताला काही जाणवलंच नाही, आणि बॉल थेट डावीकडच्या बंकरमध्ये. त्यानंतर अशा लायवरून मी ग्रीनच्या उजव्या कडेला एम करतो, आणि जमत असेल तर वेजऐवजी नऊ नंबरचा छोटा स्विंग घेतो.

बॉल पायांपेक्षा खाली असेल तर ही सगळ्यात अवघड लाय. बॉल उजवीकडे जातो. गुडघे जास्त वाकवा, पाय जास्त फाकवा, डावीकडे एम करा, आणि तीन-चतुर्थांश स्विंगपेक्षा जास्त काही करू नका. स्विंग संपेपर्यंत गुडघे तसेच वाकलेले ठेवायचे, मध्येच उठलात की बॉलच्या डोक्यावर बसलाच म्हणून समजा. इथून फक्त बॉल पुढच्या सपाट जागी पोचवायचा विचार करा.

चढावरची लाय, म्हणजे डावा पाय वर: खांदे उताराला समांतर करा, बॉल थोडा पुढे, एक क्लब जास्त, उतार जास्त असेल तर दोन. बॉल उंच जातो, कमी जातो आणि डावीकडे ओढला जातो, म्हणून थोडं उजवीकडे बघा.

उतारावरची लाय, डावा पाय खाली: इथेही खांदे उताराला समांतर, बॉल मागे, वजन डाव्या पायावर आणि तिथेच राहू द्या. बॉल बुटका निघतो, उजवीकडे झुकतो आणि पडल्यावर खूप पळतो. क्लब कमी घ्या आणि ग्रीनच्या अलीकडेच टाका. बॉल वर उचलायचा मोह होतो तो आवरा, क्लब उताराच्या मागेमागे खाली जाऊ द्या, लॉफ्ट आपलं काम करतो.

खऱ्या कोर्सवर यातल्या दोन एकत्र येतात, चढही आणि आडवा उतारही. मग जो पायाला जास्त जाणवतो त्याचा हिशोब करा आणि दुसऱ्यासाठी स्विंग छोटा करा. प्रॅक्टिस स्विंग बॉलच्या शेजारी त्याच उतारावर घ्या आणि क्लब गवताला कुठे लागतो ते बघा, बॉल तिथेच येईल असे उभे राहा.

टीवरून

आडव्या उताराच्या फेअरवेवर उंच बाजूला मारा, बॉल आपोआप मध्ये येतो. बरोबर मध्ये पडलेला बॉल खालच्या रफमध्ये (वाढलेल्या गवतात) जातो. उंच टीवर ड्रायव्हर मारायचा मोह सगळ्यांना होतो, पण आधी बघा की दुसरा शॉट सपाट जागेवरून कुठून मिळेल, आणि तिथपर्यंत जाणारा क्लब घ्या. सपाट जागेवरून १६० यार्ड हे उतारावरून ११० पेक्षा बरं.

आंधळ्या शॉटला पुढे माणूस पाठवा किंवा घंटा असेल तर ती वाजेपर्यंत थांबा. एम करायला मागचं उंच झाड किंवा कड्याचं टोक ठरवा. बॉल जराही माणसांकडे वळला तर जोरात "फोर" ओरडा, चढापलीकडे कुणी आहे की नाही हे तुम्हाला दिसत नसतं.

बॉल झाडीत किंवा दरीकडे गेल्याची शंका आली की टीवरूनच प्रोव्हिजनल बॉल (पहिला सापडला नाही तर म्हणून दुसरा) जाहीर करून मारा. २०१९ पासून बॉल शोधायला तीनच मिनिटं मिळतात, आणि प्रोव्हिजनल न मारता खाली गेलात तर तो अख्खा चढ परत चढावा लागतो. उंच गवतात हात घालू नका, क्लबने बाजूला करा.

उतारावरचे नियम

बॉल खेळण्यासारखा नाही म्हणून अनप्लेएबल घेतला तर एक स्ट्रोकची पेनल्टी. दोन क्लब अंतरात ड्रॉप करायचा (बॉल हातातून खाली सोडायचा) पर्याय जवळचा वाटतो पण डोंगरावर तो बऱ्याचदा त्याच उतारावर नेतो. होल आणि बॉलच्या रेषेत मागे जायचा पर्याय आधी तपासा, मागे सपाटी असू शकते.

ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून. बॉल रिलीफ एरियाबाहेर (ड्रॉपसाठी नियमाने दिलेल्या जागेबाहेर) घरंगळला तर दुसऱ्यांदा ड्रॉप, तोही गेला तर दुसऱ्या ड्रॉपला बॉल जिथे जमिनीला टेकला तिथे ठेवायचा. ती जागा नीट बघून ठेवा, कारण तेव्हा सगळे घरंगळणाऱ्या बॉलकडे बघत असतात.

ग्रीनवर हे फार महत्त्वाचं आहे: बॉल मार्क करून उचलला, परत ठेवला आणि मग तो वाऱ्याने किंवा उताराने हलला तर परत मूळ जागी ठेवायचा, पेनल्टी नाही. पण उचललाच नव्हता आणि हलला तर जिथे जाईल तिथून खेळायचा, तीस फूट खाली गेला तरी. म्हणून उताराच्या ग्रीनवर पोचल्यापोचल्या बॉल मार्क करून उचला.

ग्रीन

ग्रीनवर चढल्यावर वाचायला सुरुवात केलीत तर उशीर झाला. चाळीस-पन्नास यार्ड मागूनच बघा की डोंगर कुठल्या बाजूला आहे आणि दरी कुठे, आणि या ग्रीनवर बादलीभर पाणी ओतलं तर ते कुठून बाहेर पडेल. डोंगर कापून बसवलेल्या ग्रीनवर डोळे हमखास फसतात, आजूबाजूची सगळी जमीन डावीकडे जोरात उतरत असेल तर थोडंसंच डावीकडे उतरणारं ग्रीन आपल्याला सपाट किंवा उजवीकडे कललेलं दिसतं. अशा वेळी बॉल आणि होलच्या मध्यावर, लाइनवर पाय न देता, शेजारी उभे राहा, क्षणभर डोळे मिटा आणि वजन कुठल्या पायावर येतंय ते बघा.

झेंडा ग्रीनच्या मागच्या बाजूला असो की पुढे, अप्रोच (ग्रीनवर पोचवणारा शॉट) होलच्या खालच्या बाजूला ठेवा. चढावरची दहा फुटांची पट बिनधास्त मारता येते, उतारावरची चार फुटांची पट बॉलला नुसता स्पर्श करूनही सहा फूट पुढे जाते. उतारावर बॉल होलपाशी सोडायचा नसतो, होलच्या वर एक जागा ठरवायची आणि फक्त तिथपर्यंत पट मारायची, पुढचं उतार करतो. ब्रेकसाठी (उतारामुळे बॉल जेवढा वळतो त्यासाठी) जितकं वाटतं त्याहून जास्त धरा, आपण बहुतेक सगळे कमीच धरतो.

वीज आणि परतीचा रस्ता

डोंगरमाथ्यावर वीज हा खरा धोका आहे. गडगडाट ऐकू आला की खेळ थांबवा, नियमही वीज पडायची भीती असेल तर स्वतःहून थांबायची परवानगी देतो. एकट्या झाडाखाली किंवा उघड्या आडोशाखाली थांबू नका, उंच टी सोडा, थेट क्लबहाउस किंवा बंद गाडी गाठा.

राउंड संपला की लगेच गाडीत बसू नका. बूट काढा, पोटऱ्या आणि मांड्या ताणा, पाणी प्या, अर्धा तास बसा, घाटातून थकलेल्या पायाने ब्रेक दाबत उतरणं बरं नाही. तेवढ्या वेळात स्कोअरकार्डच्या मागे लिहून ठेवा: कुठल्या होलला किती यार्ड होते, कुठला क्लब घेतला, कुठे पडला, आणि कुठल्या ग्रीनने कुठल्या बाजूला फसवलं. दुसऱ्या भेटीला ते कार्ड यार्डेज बुकपेक्षा (कोर्सच्या अंतरांच्या पुस्तिकेपेक्षा) जास्त कामाला येतं, माझ्या बॅगेच्या कप्प्यात अशी नऊ कार्डं आहेत.